आयुधपूजेचा रंग

जीप नुसती टक् करत राहिली, चालू झाली नाही म्हणून जोतिबाने बायकोला, दुर्गव्वाला, टांग्यातून दवाखान्यात नेलं. ती वाटेतच गेल्याचं तिथे कळलं. महिन्याने जीप विकायची म्हणून भाव विचारायला तो गोकुळ रोडच्या गॅरेजात येऊन बसला. समोर सत्याप्पा मिस्त्री दुसऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार ऐकत होता.

"गाडी कधी चालू होते, कधी नुसती टक् करते. बॅटरी नवी आहे, अण्णा."

"दसऱ्याच्या आयुधपूजेला रंगवलीत काय?"

"रंगवली की. नवरीसारखी."

"म्हणून रुसलीय. बॅटरीची अर्थिंगची वायर बॉडीला आवळतात ना, तिच्याखाली पण रंग फासलाय बघा. करंट कधी जातो, कधी अडतो. खरवडून बोल्ट आवळा."

"एवढंच?"

"एवढंच. पाच मिनिटांचं काम."

जोतिबा उठून केलगेरीला घरी परतला. दारातल्या जीपला दसऱ्याला दुर्गव्वानेच वायरींच्या बोल्टांसकट ब्रश मारला होता. तो रंग खरवडायचा अजून राहिलाय.