नदी कुठं गेली

व्हर्न : ते सगळं राहू दे, ग्लेंडा. नदी कुठं गेली ते सांग आधी.

ग्लेंडा : दे इकडे, बघू. अरे देवा. हे काय लावलंयस याला?

व्हर्न : नळी. पोस्टानं मागवली. कॅमेरा आणि भिंग यांच्यामधे बसते. भिंग लांब होतं.

ग्लेंडा : लांब होतं, खरंय.

व्हर्न : भिंग लांब झालं की नजर लांब जायला हवी. दुर्बीण लांब असते, बंदुकीवरची लांब असते. म्हणून लावली. तर नदीच गेली. पलीकडचा कॅनडा गेला. नुसतं धुकं. आणि डोळ्यांनी बघावं तर बाहेर धुक्याचा पत्ता नाही.

ग्लेंडा : हिच्यात काच कुठंय?

व्हर्न : आत असेल.

ग्लेंडा : बोट घालून बघितलंस?

व्हर्न : घातलं. आरपार गेलं.

ग्लेंडा : मग?

व्हर्न : मला वाटलं, एवढी स्वच्छ काच असेल की हाताला लागत नाही.

ग्लेंडा : हसू नकोस म्हणालास तरी हसणार आहे मी. रिकामी नळी आहे ही, व्हर्न. फुलांचे, किड्यांचे फोटो काढायची. ही लावली की हाताच्या अंतरावरचं दिसतं, फार तर दोन हात. त्यापुढचं जग बंद.

व्हर्न : जवळचं मला दिसतंच की. जवळचं बघायला पैसे कोण देईल?

ग्लेंडा : तू दिलेस. थांब, दाखवते. ही बघ, ओपलची खुर्ची. तिच्यावरच्या शालीचा टाका न टाका दिसतोय. मांजराचा केस अडकलाय, तोही दिसतोय.

व्हर्न : तिकडं नको धरूस ते.

ग्लेंडा : बरं. नाही धरत.

व्हर्न : कॉफी घे. गार होतेय.

ग्लेंडा : घेते. तुला काय बघायचंय ते तरी सांग. गावातल्या सगळ्या पोरांचे शाळेतले फोटो मी काढलेत, पण नदीपलीकडून नाही काढले. हरणं बघायचीत का? शिकारीचा मोसम सुरू झालाय म्हणून विचारते.

व्हर्न : हरणं नाही. मालाची मोठी बोट. हार्बेक, आज तलावातून खाली येतेय.

ग्लेंडा : तुझा रसेल कामाला आहे ती बोट.

व्हर्न : हो.

ग्लेंडा : दुर्बीण आहे ना तुझ्याकडे?

व्हर्न : हात कापतात. आणि तिकडं रेलिंगपाशी चार-पाच जण असतात. सगळ्यांचं हेल्मेट एक, सगळ्यांचं जाकीट एक. त्यातला आपला कुठला हे ठरेपर्यंत बोट वळणाआड. मी बंदुकीवरची दुर्बीणही काढून आणली होती परवा.

ग्लेंडा : ओसरीत बसून बोटीवर बंदुकीची दुर्बीण रोखणार होतास? तटरक्षक दल तुला घेऊन गेलं असतं. मग रसेल बरोबर बघायला आला असता.

व्हर्न : म्हणून तर परत ठेवली. मग म्हटलं, ओपलचा कॅमेरा आहे. तिला त्यातून दिसायचा. मला नाही दिसत. शहरातल्या दुकानात विचारलं. तिथल्यानं तोफेएवढं भिंग काढून दाखवलं. किंमत ऐकली आणि आभार मानून निघालो. त्यात जुना ट्रक येतो, आणि ट्रकमधून मासे तरी आणता येतात.

ग्लेंडा : लांबचं दिसत नाही म्हणाला होतास, म्हणून मी हे आणलंय. कोटाच्या खिशातच आहे. हे डबलर. यात काच आहे, बोट घालू नकोस. हे मधे बसवलं की तिचं दोनशेचं भिंग चारशेचं होतं. माझ्याकडे नुसतं पडून आहे.

व्हर्न : म्हणजे दुप्पट जवळ.

ग्लेंडा : दुप्पट जवळ. घे, बसवलं. बघ आता.

व्हर्न : नदी आली परत.

ग्लेंडा : आली ना?

व्हर्न : आली, पण संध्याकाळ घेऊन आली. एवढा काळोख कसा? आत्ता तर ऊन आहे.

ग्लेंडा : तेच तर आहे. दुप्पट जवळ हवं तर प्रकाश चौपट कमी होतो. फुकट काही मिळत नाही. आणि यातून कॅमेरा स्वतःहून नजर जुळवत नाही, ही गोल कडी हातानं फिरवायची. बोट येईपर्यंत ऊनही उतरेल. नोव्हेंबर आहे.

व्हर्न : मग उपयोग काय?

ग्लेंडा : आहे थोडा. पक्ष्यांच्या दाण्याची पिशवी आण, कठड्यावर ठेव, तिच्यात कॅमेरा दाबून बसव. हलला नाही तर बरं येतं. नंतर फोटो कापून मोठा करायचा. नाहीतर उठ, गाडी काढ, बोट जिथं आपल्या काठाला लागून जाते त्या टोकाला जाऊन उभा राहा. पाय सगळ्यात स्वस्त.

व्हर्न : नाही.

ग्लेंडा : का नाही?

व्हर्न : तो इकडं बघतो. या घराकडं. असं ओपल म्हणायची. मी तिकडं जाऊन उभा राहिलो तर त्याला काय कळणार?

ग्लेंडा : हं.

व्हर्न : तू मला एक सांग, ग्लेंडा. खरं सांग. तिनं काय लावलं होतं याला?

ग्लेंडा : कशाला?

व्हर्न : कॅमेऱ्याला. काहीतरी जोड होती तिच्याकडे. मी सगळं शोधलं. विणकामाचे डबे, शिवणाचा खण, ख्रिसमसचे खोके. सापडत नाही. दुसरं कुणी नेलं असेल तर मी रागावणार नाही.

ग्लेंडा : कुणी काय नेईल? काही नव्हतं रे. हा कॅमेरा, हे भिंग. बस.

व्हर्न : असं कसं? ती इथं बसून फोटो काढायची आणि मला सांगायची. आज निळी टोपी घातलीय. आज दाढी वाढवलीय. अंगठ्याला पट्टी बांधलीय. वाळलाय जरा. वाळलाय हे तर दर वेळी. मला दाखवायची, मी मान हलवायचो.

ग्लेंडा : तुला दिसायचं?

व्हर्न : मला ठिपका दिसायचा. वाटलं, माझे डोळे गेले. ती असताना म्हणालो नाही.

ग्लेंडा : थांब. तिचे फोटो आहेत अजून यात. हा बघ, मी मोठा करते. काय आहे?

व्हर्न : ठिपका. नारिंगी.

ग्लेंडा : हा?

व्हर्न : ठिपका. हा दाढीचा.

ग्लेंडा : ठिपक्याला दाढी कुठंय?

व्हर्न : तेच विचारतोय तुला मघापासून.

ग्लेंडा : माझे डोळे चांगले आहेत. मलाही ठिपकाच दिसतोय. या कॅमेऱ्यातून एवढंच येणार, व्हर्न. तिलाही एवढंच दिसायचं.

व्हर्न : मग ती खोटं बोलायची?

ग्लेंडा : खोटं कशाला? तो फोन करायचा तिला.

व्हर्न : कोण?

ग्लेंडा : रसेल. वरच्या मोठ्या तलावात फोन लागत नाहीत. बोट तलाव सोडून नदीवरच्या पुलाखाली आली की लागतात. पुलाखालून निघाली की तो करायचा. ती स्वयंपाकघरात बोलायची, काय खाल्लं, काय घातलं, कुठं लागलं, आज कुठं उभा राहणार. सगळं ठरवून बाहेर यायची आणि कॅमेरा धरायची. मी कितीदा इथं बसलेली असायचे.

व्हर्न : ती बहिणीशी बोलायची.

ग्लेंडा : बहिणीशी रविवारी. बोटीचा फोन वेगळा. तुला माहीत असेल असं मी धरून चालले. एका घरात राहत होतात तुम्ही.

व्हर्न : मी गॅरेजात असायचो. ती हाक मारायची, बोट आली. तेव्हा मी यायचो.

ग्लेंडा : आणि तुझ्याशी तो बोलायचा नाही?

व्हर्न : सणावाराला. ती बोलून झाली की फोन माझ्या हातात द्यायची. मी विचारायचो, हवा कशी आहे. तो म्हणायचा, बरी आहे. मग मी परत तिला द्यायचो. बाकीचं ती मला रात्री जेवताना सांगायची.

ग्लेंडा : आणि आता?

व्हर्न : आता काही नाही. एप्रिलमधे तिला पुरलं आणि तो बोटीवर गेला. भांडण नाही काही. माझ्याकडे फोन नाही, मला कोण करणार? तो हिवाळ्यात इथं यायचा, बोटी बंद झाल्या की. तिच्याकडे यायचा. यंदा कुणाकडे येईल? म्हणून म्हटलं, एकदा बर्फाआधी बघून घ्यावा. नीट.

ग्लेंडा : ओपलचा फोन काय केलास?

व्हर्न : आहे. पावाच्या डब्यावर. तिनं विणलेल्या पिशवीत. वायर लावून ठेवलीय, ती लावायची तशी. मी बाहेर काढला नाही.

ग्लेंडा : चालू आहे?

व्हर्न : वाजतो कधीमधी.

ग्लेंडा : वाजतो?

व्हर्न : आठवडा-आठवडा गप्प असतो. मग वाजतो. मी उचलत नाही. तिच्यासाठी आहे तो.

ग्लेंडा : तिच्यासाठी कोण करेल आता? सगळ्या गावाला माहीत आहे.

व्हर्न : काही विकणारे असतील.

ग्लेंडा : बरं. तो वाजला की तू काय करतोस?

व्हर्न : बाहेर येऊन बसतो. आवाज नको म्हणून.

ग्लेंडा : इथं. या ओसरीत.

व्हर्न : मग कुठं?

ग्लेंडा : आणि बसल्यावर काय दिसतं?

व्हर्न : काय दिसणार? नदी.

ग्लेंडा : आणखी?

व्हर्न : नदीच. बदकं असतात. थोड्या वेळानं...

ग्लेंडा : थोड्या वेळानं काय?

व्हर्न : ग्लेंडा, तुझ्या फोनवर बघ. हार्बेक कुठं आहे.

ग्लेंडा : बघते. हे बघ, ही टिकली म्हणजे ती. पुलापाशी आहे. पुलाच्या खालीच म्हण.

व्हर्न : खाली की पुढं?

ग्लेंडा : टिकलीवरून तेवढं कळत नाही.

व्हर्न : तुझं पण सगळं ठिपक्यावरच चालतं.

ग्लेंडा : गप्प बस. ऐक. वाजतोय.

व्हर्न : मला तो उचलता येत नाही.

ग्लेंडा : येतो. चल आत. पिशवीतून काढ. हिरवं दाब. तिथं नाही, खाली. कानाला लाव आता.

व्हर्न : हॅलो.

रसेल : हॅलो? कोण बोलतंय?

व्हर्न : तू कुणाला केलायस?

रसेल : बाबा?

व्हर्न : हो.

रसेल : नाही, म्हणजे... कुणी उचलत नाही नेहमी. म्हणून विचारलं.

व्हर्न : हवा कशी आहे?

रसेल : बरी आहे. वर तलावात वारा होता. आता बरी आहे.

व्हर्न : हं.

ग्लेंडा : हवा झाली, व्हर्न. पुढं बोल. फोन घ्यायला दुसरं कुणी नाही इथं.

रसेल : कोण आहे तिथं?

व्हर्न : ग्लेंडा. शेजारची. रसेल, मला वाटलं, हा फोन तिच्यासाठी वाजतो.

रसेल : मला वाटलं, तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाहीये.

व्हर्न : तसं नाही. मला येत नाही बोलायला.

रसेल : माहीत आहे, बाबा. मलाही कुठं येतं?

व्हर्न : जेवलास?

रसेल : हो. म्हणजे अर्धंच. स्वयंपाकी बदललाय. हा नवा सगळ्यात मिरपूड ओततो. लापशीतसुद्धा.

व्हर्न : लापशीत?

रसेल : निम्मं ताटातच राहतं सगळ्यांचं.

व्हर्न : आज कुठं उभा राहणार आहेस?

रसेल : कुठं म्हणजे?

व्हर्न : तिला सांगायचास ना? मला तुम्ही सगळे सारखेच दिसता.

रसेल : मागच्या बाजूला. केबिनच्या पुढं शिडी आहे, तिच्यापाशी. आईसाठी तिथंच उभा राहायचो. अजून राहतो. हात वर करीन.

व्हर्न : मी तुला दिसतो तिथून?

रसेल : नाही. आईसुद्धा नाही दिसायची. ओसरीतला दिवा दिसतो. यंदा लागला नाही कधी.

व्हर्न : लावतो. आणि हिवाळ्यात... बोट थांबली की...

रसेल : बोला ना, बाबा.

व्हर्न : तुझ्या खोलीतला हीटर दुरुस्त करून ठेवतो. एवढंच.

रसेल : बरं. ठेवा.

(थोड्या वेळानं. ओसरीत दिवा लावलेला आहे.)

ग्लेंडा : दाण्याची पिशवी हलवू नकोस. कडी सावकाश फिरव.

व्हर्न : फिरवतोय. काही दिसत नाही. काळं आहे नुसतं.

ग्लेंडा : आधी बोटीचा दिवा शोध. मग तिथून मागं ये.

व्हर्न : दिवा मिळाला. मागं आलो. ही केबिन. शिडी कुठली यात?

ग्लेंडा : तूच सांगायचंस. मला काय, मला इथून नुसती लांबडी सावली दिसतेय.

व्हर्न : बोलू नकोस. शिडी असावी ही. तिच्यापाशी आहे कुणीतरी.

ग्लेंडा : हात वर केलाय?

व्हर्न : केलाय. बहुतेक. हो, केलाय.

ग्लेंडा : बटण दाब मग. दाब ना.

व्हर्न : दाबलं.

ग्लेंडा : गेली वळणाआड. दे बघू, काय आलंय. व्हर्न, हे तर सगळं हललंय. ठिपकासुद्धा धड नाही. दिसला का तुला काही?

व्हर्न : दिसला की. वाळलाय जरा.