बैठकीतला फोटो

आमच्या बैठकीत पणजोबांचा जुना फोटो हाय. खुर्चीवर फेटा बांधलेले पणजोबा, बाजूला पांढरा बैल. हा रुबाब रक्तातूनच येतो, असं मी येईल त्याला सांगायचो. घराण्याची माहिती काढावी म्हणून औंदा सेलूला वडलांच्या आत्याला फोटो दाखवला.

आत्या म्हणाली, "माझा बाप मला वळखू येईना का? ह्यो आमचा बैल इकत घेतलेला पाव्हना. बैल गेल्यावर बाप जेवंना, म्हणून पाव्हन्यानं हा फोटो धाडला."

"म्हंजे दर पित्राला आमी पाव्हन्याला निवद दाखवायलोत?"

"पोळ्याला दाखवा. घरचा त्यात बैलच हाय."

फोटो उतरवला न्हाई. आता हार पोळ्याला घालतो, अन् रुबाब बैलाकडून आला म्हणून सांगतो.