बारा पेडल कापल्याबाबत

मी, कारखान्यात कागदावरच्या नावापेक्षा 'डोकेबाज' म्हणूनच ओळखला जाणारा, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी (देखभाल विभागात फिटर), राहणार कामगार वसाहत, इमारत तीन, खोली नऊ, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, पत्नी व धाकटी बहीण असे राहतो. बहीण वय २९, त्याच कारखान्यात ठेकेदारामार्फत प्रेसवर कामाला आहे. तिला तिथे मीच चिकटवली. कंपनी परदेशी असून आमच्याकडे मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात.

पत्रा साच्यात दाबून आकार देणारे एकूण बारा प्रेस आहेत. प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय साचा खाली येत नाही. म्हणजे साचा उतरताना हात बटणांवरच असतात. एका नगाला सात सेकंद लागतात.

मागील वर्षी कंपनीने नवकल्पना स्पर्धा ठेवली. मी बटणांऐवजी पायाने दाबायचे पेडल आणि त्यासोबत हात अडवायला पुढून पडणारी जाळी असे चित्र काढून दिले. आधी जाळी पडेल, मगच साचा उतरेल, अशी जोडणी होती. नग पाच सेकंदांत निघू लागला. कारखाना प्रमुखांनी जाळी काढून चालवून पाहायला सांगितले. चार सेकंद झाले. जाळी दुसऱ्या टप्प्यात बसवू, असे ते म्हणाले. मी फिटर आहे. जाळी काढल्यावर मागे काय उरते ते मला कळत होते. तरी मी मान डोलावली. बाराही प्रेसवर जाळीशिवाय पेडल बसले आणि पहिले बक्षीस मला मिळाले.

बक्षीस द्यायला मुख्यालयातून मोठे साहेब आले. त्यांनी दुभाष्यामार्फत 'जबाबदार नेतृत्व' या विषयावर पाऊण तास भाषण केले. फोटोच्या वेळी मी विचारले, की साहेबांच्या देशातल्या कारखान्यातही माझे पेडल बसणार का. दुभाष्याने विचारून सांगितले, "तिकडे कायदा कडक आहे. तिकडे नाही चालणार." साहेब हसले, सगळे हसले, म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

दुसरा टप्पा आला नाही. दि. १२ रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास बहीण सहा नंबरच्या प्रेसवर होती. नग तिरका बसला. तो सरळ करायला तिने हात घातला आणि पाय पेडलवर पडला. उजव्या हाताची तीन बोटे गेली. मी शेजारच्याच मशीनचा पट्टा बदलत होतो. दवाखान्यात ती म्हणाली, "दादा, तुझं पेडल चांगलंय रे. माझंच लक्ष नव्हतं." त्यापेक्षा तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

दि. १३ रोजी सकाळी कामावर गेलो. फाटकाशी 'अपघाताविना दिवस' असा फलक आहे. आदल्या दिवशी त्यावर ४१२ होते, आता ४१३ होते. कामगार अधिकाऱ्यांना विचारले असता ते शांतपणे म्हणाले, "ती ठेकेदाराची माणूस. आपल्या आकड्यात येत नाही." मग त्यांनी एक कागद पुढे केला. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला, असे मी पेडलचा जनक म्हणून लिहून द्यायचे होते. दिल्यास बहिणीला हलके काम देऊ म्हणाले. मी सही केली नाही. बाहेर आलो तेव्हा सहा नंबरवर दुसरी बाई बसलेली होती आणि प्रेस चालू होता.

जेवणाच्या सुट्टीत मी सर्व प्रेसची वीज बंद केली आणि ग्राइंडरने बाराही पेडल मुळापासून कापली. बटणांची जुनी जोडणी शाबूत होती, ती चालू करून दिली. हे काम मी एकट्याने केले. कोणी पाना-पकड हातात दिली असेल तर ते मला आठवत नाही आणि आठवणारही नाही.

कंपनीने त्याच दुपारी तीन वाजता नुकसानीची फिर्याद दिली. बहिणीच्या बोटांबाबत या ठाण्यात काहीच नोंद नाही, असे ठाणे अंमलदारांनी वही पाहून सांगितले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणायची सोय मला नाही, कारण मी संन्यासी नाही. माझी मागणी एवढीच, की बोटांचीही नोंद करावी आणि त्यात कारखाना प्रमुखांच्या नावाखाली माझे नाव लिहावे.

केल्याचा पश्चात्ताप होतो का, असे मला विचारण्यात आले. पेडल कापल्याचा होत नाही. पण जाळी वगळलेले ते चित्र कंपनीने आणखी चार देशांतल्या कारखान्यांना पाठवले आहे आणि त्याखाली माझे नाव छापले आहे. तिथे किती प्रेस आहेत व त्यांवर कोणाच्या बहिणी बसतात, ते मला माहीत नाही. तिथवर माझा ग्राइंडर पोचत नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, त्यातला एकही शब्द कमी करू नये.