मॉन्टी आणि कॅरॅव्हॅन

...आणि वर मलाच विचारतात, "काय रॉडनी, कशी झाली फ्रान्सची ट्रिप?" कशी झाली म्हणजे? छान झाली! सगळ्यांची झाली! अहो, प्लॅनिंगच तसं होतं. आणि प्लॅनिंग कुणाचं? माझं!

तुम्हाला सांगतो, आमच्या केटरिंग गावात घराघरासमोर कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, उभी असते, पण ती गाडीला जोडून बोटीवर चढवायची आणि समुद्रापलीकडे न्यायची, हे आमच्या खानदानात कुणी केलेलं नव्हतं. सुट्टी म्हणजे वेल्स, पाऊस आणि पत्ते. पण यंदा म्हटलं, नाही. आमची मुलगी टॅमसिन सप्टेंबरात कॉलेजला ॲबर्डीनला जाणार, पार उत्तर टोकाला. ॲबर्डीन! त्याच्या पलीकडे थंडी आणि मासेच. एकदा गेली की गेली. त्याआधी एकदा सगळ्यांनी एकत्र, एका छपराखाली, समुद्रकिनाऱ्यावर... एवढंच हो, एवढंच माझ्या मनात होतं.

मग लागलो कामाला. तिकडे उजव्या बाजूनं चालवायचं, तर सवय नको? दिवाणखान्यात जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या मांडल्या गाडीसारख्या. मी पुढे, शेजारी बायको ग्वेन्डा, मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर त्यांचा कुत्रा मॉन्टी, आणि कडेला टॅमसिन, कानात गाण्यांची बोंडं घालून. मी सोफ्याला उजवीकडून वळसा घालायचा कसा ते समजावतोय, आणि ही म्हणते, "बाबा, आता उतरू का?" सरावात कुणी उतरतं का?

ग्वेन्डाचं एकच पालुपद, "थोडा वेळ मी चालवेन की." आता ग्वेन्डा वृद्धाश्रमाची मिनीबस चालवते, मान्य. पण मिनीबस वेगळी, मागे कॅरॅव्हॅन ओढणं वेगळं. ते शास्त्र आहे! मी रविवारी सकाळी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन रिव्हर्सचा सराव केला. तिथे एक खांब होता. आता जरा वाकडा आहे. पण मुळात तो तिथे असायचं कारण काय?

आणि सामान! वजन चाकांच्या बरोबर वर आलं पाहिजे, नाहीतर हायवेवर कॅरॅव्हॅन शेपटी हलवायला लागते. म्हणून मी जडातलं जड खाली रचलं, आणि सगळ्यात खाली माझी स्वतःची बॅग. त्याग म्हणतात याला. पण कुणाच्या लक्षात आलं? नाव नको. असो, प्लॅनिंग माझं!

राहिला मॉन्टी. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, कुत्रा नको. म्हातारा झालाय, घोरतो, आणि मी सोफ्यावर बसलो की उठून निघून जातो. पण सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तो नाही तर मी नाही." मनात म्हटलं, दोन प्रश्न एकदम सुटतात. पण ग्वेन्डानं नुसतं बघितलं माझ्याकडे. मग काय, मॉन्टीची इंजेक्शनं, मॉन्टीचा दाखला, सगळं केलं. कुत्र्याच्या कातडीखाली एक चिप असते, ओळखीची. जनावरांच्या डॉक्टरनं मानेवरून यंत्र फिरवलं, वाजलं, झालं.

निघालो. पोर्ट्समथ बंदरात पोचलो, तेही वेळेआधी. समोर बोट, वर सीगल ओरडतायत, टॅमसिननं कानातली बोंडं काढलेली! काढून विचारते काय, "बाबा, ती आपलीच बोट का?" अहो, छाती अशी फुगली माझी...

आणि तपासणीच्या खिडकीतली मुलगी चिप वाचायचं यंत्र घेऊन आली. मॉन्टीच्या मानेवरून फिरवलं. आवाज नाही. खांद्यावरून, पोटावरून, पाठीवरून. नाही. मागे गाड्यांची रांग, हॉर्न वाजतायत. ती बिचारी सभ्यपणे म्हणाली, "याच्यात काहीच सापडत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "त्याच्यात पुष्कळ आहे गं. तुझ्या यंत्रात नाही."

पण यंत्र बोलल्याशिवाय कुत्रा बोटीवर नाही. म्हणजे कुणीतरी कुत्र्याला घेऊन परत जायचं. सासूबाई लगेच डोळे पुसत म्हणाल्या, मी जाते, माझं काय, म्हातारीचं. ग्वेन्डा म्हणाली, आईनं जन्मात परदेश बघितलेला नाही. मी म्हटलं, अगदी बरोबर, पण गाडी मलाच चालवायची आहे, म्हणजे माझा तर प्रश्नच येत नाही.

"मी चालवते," ग्वेन्डा म्हणाली.

मी हसलो. म्हटलं, कुणीतरी माझ्याबरोबर हसेल. टॅमसिनकडे बघितलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हो! आणि इतक्या मऊ आवाजात विचारलं, "बाबा, तू राहशील?"

आता सांगा. भांडली असती, किंचाळली असती, तर मी नाही म्हटलं असतं. या आवाजाला काय म्हणणार?

उतरलो. चड्डी, सॅन्डल, मोजे आणि कुत्रा. माझी बॅग? सगळ्यात खाली! ग्वेन्डानं आरसे नीट केले, अशी वळवली कॅरॅव्हॅन, एका झटक्यात, आणि चढवली बोटीत लोणी कापल्यासारखी. खिडकीतून फक्त सासूबाई हात हलवत होत्या. मीही हलवला. मग कळलं, मॉन्टीला हलवतायत.

चड्डीवर ट्रेननं घरी आलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. त्यानं यंत्र पुढच्या पायाच्या कोपराजवळ नेलं आणि ते ठणाठणा वाजलं. "म्हाताऱ्या कुत्र्यांची सरकते कधीकधी," म्हणाला. सरकते! माझी सुट्टी सरकली तिच्याबरोबर, त्याचं काय?

मग फोनची वाट बघत बसलो. म्हटलं अडतील, विचारतील. नाही. शेवटी मीच केला. कॅरॅव्हॅनपुढचा तंबू उभा राहिला का? राहिला. गॅस? पेटला. उजव्या बाजूनं चालवायला? सोपं आहे. मागून टॅमसिनचं हसणं ऐकू येत होतं, पोट धरून हसत होती कशाला तरी. मी विचारलं, काय झालं? ग्वेन्डा म्हणाली, "काही नाही रे, इथलं आहे, तुला नाही कळायचं." आणि वर म्हणते, "तुझं प्लॅनिंग इतकं चोख आहे, की कशालाच तुझी गरज पडली नाही."

ऐकलंत? कौतुक आहे बरं का हे!

आल्या सगळ्या परत, तांबूस होऊन, आपापसात फ्रेंच शब्द फेकत. परवा टॅमसिनला ॲबर्डीनला सोडायला निघाल्या, तिघी, कॅरॅव्हॅन जोडून. ग्वेन्डा दारात थांबली, काहीतरी विचारणार असं वाटलं. म्हटलं, तिला कशाला अवघडवायचं? मीच म्हणालो, तुम्ही जा, मी थांबतो.

खोटं नाही सांगत... मॉन्टीला हल्ली माझ्याशिवाय करमत नाही. आपल्याशिवाय घरात कुणाला तरी करमायला नको, एवढं बघावं माणसानं.