खिडकीकडे गेलेली रेघ

त्या खिळ्यांना हात नका लावू, सर — हो, पंखा नवा आहे, देवपुरात पाण्याचीही ओरड नाही, पण खोली भाड्यानं घेतलीत तरी खिळे राहू द्या. कुंदनची खोली ही, माझ्या धाकट्याची. पुण्याला असतो, नोकरी करतो. एमएस्सीला ग्रहांचा अभ्यास होता त्याचा, म्हणून भिंतभर या रेघा — दोन खिळे ठोकायचे, माझा शिवणाचा दोरा अडकवायचा अन् पेन्सिल फिरवायची. खिळे जवळ असले की ग्रहाची वाट गोल, लांब नेले की लांबट. मला उभं करून समजवायचा. बाहेरचा मोठा ग्रह सरकत सरकत आत येतो म्हणे — "माय, हाऊ मोठा शे, बठ्ठास्ले वढस." सगळ्यांना ओढतो, पण मुद्दाम नाही करत हो तो, नुसता जवळ येतो, अन् बाकीच्यांच्या गोल वाटा ताणल्या जातात.

तुम्ही हेच शिकवता कॉलेजात? मग तुम्हाला काय सांगायचं. आमचा योगराज, मोठा, नरडाण्याची नोकरी सोडून बायको-लेकरांना घेऊन घरी आला. त्याची काय चूक, घर त्याचंही आहे. भांडण नाही, वाकडा शब्द नाही — पण कुंदन आधी रोज संध्याकाळी घरात असायचा, मग जळगावला खोली केली, शनिवारी यायचा, मग पुणं, अन् नुसता सणाला. भोवती धूळ असली तर ताणलेली वाट पुन्हा गोल होते, हेही तोच सांगायचा. आमच्या घरात ती धूळ म्हणजे त्याचे वडील, असं वाटतं मला. ते गेले अन् कुंदन दिवाळीलाही आला नाही. फोन लागत नाही. योगराज पुण्याला जाऊन आला, तिथल्या त्याच्या खोलीत दुसरीच मुलं — मघाशी पुण्याला असतो म्हटलं ना मी — असेल कुठेतरी. भांडी घासताना मागे उभा आहे असं वाटतं. वळून बघते तर सून. भीती वाटते हो. योगराज म्हणतो, भिंतीला रंग देऊ, खोली भाड्यानं देऊ.

पण लांबट वाटसुद्धा वळतेच ना, सर? कितीही उशीर होऊ दे. मी रोज बोट फिरवून बघते, सगळ्या वळतात. ही एक शेवटची — हिला खिळे नाहीत, हातानंच ओढलीय, खिडकीच्या चौकटीपर्यंत गेली. भिंत संपली म्हणून थांबला असेल, नाही? पुढे वळवणारच असेल. तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा, असा गेलेला ग्रह माघारी येतो ना?

सर —

भिंतीकडे नका बघू, माझ्याकडे बघून सांगा.

राहू द्या. खोली द्यायची नाही आम्हाला. दार ओढून घ्या जाताना.