कोपरा फाटलेलं कार्ड

नाही जी, थांबा, आतमधी जाऊ नका अजून — पहिले तो हार इथं बाकावर ठेवा. ठेवा म्हणतो ना. मी कवडू, या शाळेचा शिपाई, तुम्ही पाचवीत होते तेव्हापासून घंटा वाजवून राहिलो, इतका तरी भरोसा ठेवा माह्यावर. — काय म्हणता, फोटो कुठं ठेवला? फोटो नाही ठेवला कोणी. वामनराव मास्तर आत हॉलमधी खुर्चीवर बसून आहेत अन् चहा गोड झाला म्हणून कुरकुर करून राहिले. — हाव, जिते आहेत. चांगले धडधाकट. बसा, गिरिधरबाबू, बसा, पाणी आणू काय?

कार्ड? हाव, कार्ड माह्याच हातचं. पण मी त्यात काय लिहिलं होतं, सांगा बरं — रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेत यावे, जुने विद्यार्थी जमणार आहेत. यात मास्तर गेले असं कुठं लिहिलं आहे? — कोपरा? कोपरा फाटला होता, ते खरं, अन् मयताच्या कार्डाचाच कोपरा फाडतात, तेही खरं. पोस्टाच्या डब्ब्याच्या तोंडात अडकला असन, पत्र्याची धार असते त्याले. आता तुम्ही सेक्रेटेरिएटातले अफसर, फाटला कोपरा पाहिला की आतली ओळ सुद्धी धड वाचत नाही, सरळ भोपाळहून पांढरा सदरा घालून गाडीत बसता, तर त्यात शिपायाचा काय कसूर? अन् तो खिशातून कागद डोकावून राहिला, ते भाषण असन शोकसभेचं. चांगलं लिहिलं असन. आत मात्र काढू नका.

रागावू नका जी. रागवायचा हक्क माहाही आहे थोडासा. राजधानी इथून भोपाळले गेली अन् तुम्ही तिच्यासंगं गेले, ते छप्पनच्या सालात. त्याच्या आधी पाच वर्षं तुम्ही कुठं होते? सिव्हिल लाइन्सात. तिथून हा आपला महाल मोहल्ला किती दूर आहे — सायकलनं पाऊण घंटा, तेही गांधीसागर तलावावर थांबून संत्रं खाऊन. दरसाल मेळाव्याचं कार्ड जाये तुम्हाले, साबूत, चारही कोपरे जागच्या जागी. आले कधी? बाबनराव वकील उमरेडहून येतात, गुडघे धरून. अन् या साली एक कोपरा काय फाटला, तुम्ही पहिल्या गाडीनं हजर. म्हणजे मास्तरायनं मरावं तेव्हा तुम्ही येणार, असंच ना?

नाही, नाही, उठू नका. बोललो जास्त. मले माहीत आहे तुम्ही काहून येत नव्हते. मीच तर ते पाकीट पोस्टात टाकलं होतं. तुमचे बाबूजी वारले, तुम्ही मास्तरायले कार्ड लिहिलं — ते खरं कोपरा फाडलेलं. अन् तसं कार्ड लोक वाचतात अन् फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. आमच्या मास्तरायनं ते तपासलं अन् परत पाठवलं. तुम्ही लिहिलं होतं ‘माझे वडिल वारले’, त्यायनं लाल पेन्सिलीनं डि खोडून डी केला, समासात लिहिलं ‘दीर्घ’, अन् खाली सही. बस. दुःखाचा एक शब्द नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही या फाटकात पाय ठेवला नसता, खरं सांगतो. पण त्यायची ती सवयच, जी. शिष्यायची पत्रं सारी तशीच तपासत, लग्नपत्रिका सुद्धी सोडली नाही कोणाची. हात आधी चालते, मन मागून येते. तुमच्या पाकिटामागंही मन आलं — चार दिवसानं. मले म्हणाले, कवडू, ते पाकीट परत आणता येईल का? मी म्हटलं, आता कुठलं येते.

मग दरसाल दिवाळीत पत्रं येत, अन् पत्रं संपली की विचारत, आणखी काही? नाव घेत नव्हते. आणखी काही, एवढंच. मग डोळे गेले — हाव, काचबिंदू, आता नुसती सावली दिसते — तेव्हापासून पत्रं मीच वाचून दाखवतो. इथंच शिकलो वाचाले, घंटेच्या मधात मागच्या बाकावर बसून. बाप कोष्टी, त्याले वाटे पोरगं मागावर बसन. तर छप्पनची दिवाळी, पत्रं झाली वाचून, मास्तर म्हणाले, आणखी काही? अन् माह्या हातात भिवापूरच्या एका मिरचीवाल्याचं पत्रक होतं. काय झालं मले ठाऊक नाही, मी त्याच्यातूनच वाचलं — ‘पूज्य मास्तरांना गिरिधरचा साष्टांग नमस्कार.’

असे पाहू नका ना माह्याकडं. एकदाच वाचणार होतो. पण त्यायचा चेहरा पाहिला असता तुम्ही, तर तुम्हीही सारी मिरची वाचून काढली असती. मग संक्रांत आली, तिळगुळाचं पत्र नको काय? मग पुढली दिवाळी. तीन दिवाळ्या झाल्या. आता आत जाल तर माह्या पत्रातल्या काही गोष्टी ध्यानात ठेवा. तुमचं घर तलावाच्या बाजूनं आहे, मागं पेरूचं झाड आहे. बायकोचं नाव अरुंधती, ते तर खरंच आहे, मी चौकशी करून ठेवलं होतं. अन् लेक चारुशीला, पाचवीत आहे — काय? लेक नाही? दोन पोट्टेच? — मग आता आहे असं समजा. लेकीबिगर पत्रात गोडी येत नव्हती. अन् मास्तरायनं लगेच विचारलं होतं, त्यानं शी कोणता लिहिला आहे? मी म्हटलं, दीर्घ. इतके खुश झाले म्हणता.

हाव, कोपरा मीच फाडला. डब्ब्याले काहून बदनाम करू. फाडताना देवाले हात जोडले, जित्या माणसाचा कोपरा फाडून राहिलो म्हणून. पण करणार काय? पत्रात शेवटी ‘एकदा घरी या’ लिहिल्याशिवाय ते पत्र वाटत नाही, तर मी दर वेळी वाचत गेलो, घरी या, घरी या. अन् या साली मास्तर म्हणाले, गिरिधर इतकं बोलावतो तर उन्हाळ्यात महिनाभर जाऊन येतो भोपाळला. ट्रंक भरून ठेवली आहे. तुमच्या लेकीसाठी शुद्धलेखनाची वही शिवून घेतली आहे. ते तिथं तुमच्या दारात उभे राहिले असते, अन् तुम्ही — मले माहीत नाही तुम्ही काय केलं असतं. म्हणून तुम्हालेच आणणं भाग होतं. अन् साध्या कार्डानं तुम्ही येत नाही.

आत जाऊन माफी? ती तुम्ही मागून बसले, जी. गेल्या संक्रांतीले. ‘मी रागावलो होतो, पण आता राग उरला नाही’ — असं वाचलं मी. मास्तरायनं ती ओळ पुन्हा वाचाले लावली. मग म्हणाले, कागद घे, मी सांगतो ते लिही. अन् सांगितलं त्यायनं. मी लिहिलं. अन् मग घाबरलो — हे टाकावं तर तुम्ही म्हणणार, मी कधी पत्र लिहिलं, अन् चोरी उघडी. पोस्टात टाकलं म्हणून सांगितलं अन् ठेवून दिलं. एक वर्ष झालं. तुमच्या नावचं ते, मी दाबून ठेवलं. पत्रं बनवली त्याचं मले काही वाटत नाही, पण याची लाज वाटते.

हे घ्या. एवढंच आहे ते, एक ओळ — ‘गिरिधर, त्या कार्डात चूक एकच होती आणि ती मी केली.’

हात माहा आहे, ऱ्हस्व-दीर्घ पाहू नका. — डोळे पुसा गा, पोरा. त्यायले दिसत नाही, पण आवाज बरोबर ओळखतात. जा आता. जा ना, कोणाची वाट पाहून राहिला?