वहिनींची आश्वासन समिती

सांवेरहून येताना तुम्ही तो नवा पूल ओलांडलात ना भिया, तो आमच्या वहिनींना झालेल्या शिक्षेमुळे बनलाय.

वहिनी पहिल्यांदाच आमदार झाल्या आणि या पुलासाठी विधानसभेत आपल्याच पक्षाच्या मंत्रीजींच्या मागे लागल्या. शेवटी मंत्रीजी वैतागून म्हणाले, "बन जाएगा पुल, आप बैठ जाइए!"

मग आमदारांना समित्या वाटायची वेळ आली. पक्षातल्या बड्या लोकांनी वहिनींचं नाव शिक्षा म्हणून मुद्दाम आश्वासन समितीसाठी पाठवलं. तिकडे खुशीने कोणी जात नाही. मी तर जाम भडकलो. "वहिनी, कोपऱ्यात बसवलं हो तुम्हाला!"

वहिनी पोह्यांवर सेव घालत म्हणाल्या, "अरे वेड्या, मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला का, हे विचारायचंच काम आहे त्या समितीचं. यांच्या लक्षातच आलं नाही वाटतं."

पहिल्याच बैठकीत पुलांच्या खात्याचे अधिकारी साहेब समोर बसलेले. वहिनींनी विचारलं, "पुल का क्या हुआ?"

साहेब गडबडले. "मैडम, वो तो मंत्रीजी ने आपको बैठाने के लिए बोल दिया था."

"मैं तो उसी दिन बैठ गई थी," वहिनी म्हणाल्या, "अब आप पुल खड़ा करो."